निम्म्या जणींची अळीमिळी

अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य पाहणीत स्त्रियांना लघवीबद्दल दोन साधे प्रश्न विचारले जातात. लघवी किती वेळा निसटते? कधीच नाही, क्वचित, महिन्यातून काही वेळा, आठवड्यातून काही वेळा, की रोज? आणि निसटते तेव्हा किती? थेंबभर, जरा जास्त, की त्याहूनही अधिक? पहिल्या उत्तराला एक ते चार गुण, दुसऱ्याला एक ते तीन, आणि मग दोहोंचा गुणाकार. ही पद्धत मूळची नॉर्वेची. तिथल्या हॉग्ने सांडविक या डॉक्टरांनी १९९० च्या दशकात ती रूढ केली. दिसायला हे शाळकरी गणित. पण वयस्क स्त्रियांपैकी किती जणींचा लघवीवर ताबा राहत नाही, या एकाच प्रश्नाला कुणी दहा टक्के सांगतो, कुणी पन्नास, याचे इंगित त्यातच आहे. रेघ कुठे मारायची यावर सारे अवलंबून. आंतरराष्ट्रीय कॉन्टिनन्स सोसायटीने २००२ मध्ये ठरवलेली व्याख्या सर्वांत सैल आहे: लघवी आपसूक निसटल्याची कोणतीही तक्रार. वर्षातून एकदा पोट धरून हसताना दोन थेंब गेले तरी बाई या व्याख्येत बसते, आणि रोज तीन वेळा साडी बदलावी लागणारीही तिच्याच शेजारी बसते. आपल्याकडच्या भाषांतरित मजकुरात या त्रासाला ‘मूत्र असंयम’ असा शब्द आढळतो. मराठीत संयम हा सद्गुण आहे आणि असंयम हा दोष. एखादे व्रत मोडल्यासारखा तो शब्द बाईलाच बोल लावतो. म्हणून या प्रकरणात ‘ताबा सुटणे’ असेच म्हणू. ताबा सुटतो, बाई तो सोडत नाही.

आता आकडे. २००७ ते २०१० या काळातील पाहण्यांवरून अमेरिकेच्या आरोग्य सांख्यिकी केंद्राने २०१४ मध्ये एक अहवाल काढला. घरीच राहणाऱ्या, म्हणजे वृद्धाश्रमात नसलेल्या, ६५ वर्षांवरील स्त्री-पुरुषांपैकी ५०.९ टक्के लोकांनी लघवी किंवा शौच किंवा दोन्ही निसटत असल्याचे सांगितले. नुसत्या लघवीचे प्रमाण ४३.८ टक्के, शौचाचे १७.३ टक्के, आणि लघवीच्या बाबतीत स्त्रियांचा वाटा पुरुषांपेक्षा बराच मोठा. त्याच पाहणीच्या थोड्या आधीच्या फेरीतील १,९६१ स्त्रियांचा अभ्यास इन्ग्रिड नायगार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केला. तिथे रेघ वर सरकवली होती. आठवड्यातून एकदा तरी निसटते, किंवा महिन्यातून एकदाच पण थेंबांहून अधिक निसटते, अशाच स्त्रिया मोजल्या. तेव्हा ६० ते ७९ या वयात लघवीचा आकडा २३.३ टक्के आला आणि ८० च्या पुढे ३१.७ टक्के. महिन्यातून एकदा तरी शौच निसटणाऱ्या स्त्रिया याच दोन वयोगटांत १४.४ आणि २१.६ टक्के होत्या. विशी-तिशीतल्या स्त्रियांत हेच प्रमाण लघवीसाठी ६.९ आणि शौचासाठी २.९ टक्के. नॉर्वेतील नोर-ट्रोंडेलाग परगण्यात १९९० च्या दशकाच्या मध्याला जवळजवळ २८,००० स्त्रियांना विचारले गेले. चौघींपैकी एक म्हणाली, हो, निसटते. पण जिला त्याचा खरोखर जाच होतो आणि प्रमाणही बरेच आहे, अशी स्त्री शंभरात सातच निघाली.

हे आकडे एकमेकांशी भांडत नाहीत. ते एकाच उताराच्या वेगवेगळ्या पायऱ्या आहेत. वरच्या पायरीवर क्वचित थेंब गळणाऱ्या पुष्कळ जणी, खालच्या पायरीवर रोज भिजणाऱ्या थोड्या जणी, आणि वय वाढेल तशी गर्दी खालच्या पायऱ्यांकडे सरकते. जाहिरातीला वरची पायरी आवडते, कारण गिऱ्हाईक मोठे होते. निधी वाटणाऱ्या अधिकाऱ्याला खालची आवडते, कारण खर्च लहान होतो. पण खालच्या पायरीवरून मोजले तरी साठी उलटलेल्या चौघींपैकी एक आणि ऐंशी उलटलेल्या तिघींपैकी एक, हे प्रमाण उरतेच. शौचाचा ताबा ही तर दुर्मीळ, अपवादात्मक गोष्ट मानली जाते. ती ऐंशीपुढच्या पाच स्त्रियांपैकी एकीच्या बाबतीत घडते आहे. इतका मोठा आकडा ऐकून दोन प्रतिक्रिया उमटतात. एक, ‘शक्यच नाही, असे असते तर आम्हाला दिसले नसते का?’ आणि दुसरी, बरोबर उलटी, ‘इतक्या जणींना होते, म्हणजे वयाचाच भाग झाला.’ या दोन्ही प्रतिक्रिया चुकीच्या आहेत असे मला वाटते, आणि त्यातली दुसरी अधिक घातक.

पहिलीचे उत्तर महाराष्ट्रातच आहे. डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली आणि १९८९ च्या जानेवारीत ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष मांडले. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगविषयक काही ना काही विकार होता, सरासरीने एकीला ३.६ विकार, आणि यापूर्वी कधी स्त्रीरोग तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या फक्त ८ टक्के. तो अभ्यास ताबा सुटण्याचा नव्हता, पण त्याने जे दाखवून दिले ते इथे तंतोतंत लागू पडते: दवाखान्याच्या नोंदवहीत जे दिसत नाही, ते गावात नसते असे नाही. दवाखान्यात येणाऱ्यांची संख्या ही आजाराची संख्या नसते, ती बोलण्याच्या धैर्याची आणि ऐकणाऱ्याच्या सवडीची संख्या असते. श्रीमंत देशांतही चित्र वेगळे नाही. लघवी निसटणाऱ्या स्त्रियांपैकी निम्म्याहून कमी जणी डॉक्टरांकडे तो विषय काढतात, असे तिथल्या एकामागून एक पाहण्यांत आढळले आहे. शौचाच्या बाबतीत १९९६ मध्ये एका अमेरिकी अभ्यासात हे प्रमाण सुमारे एक-तृतीयांश निघाले, आणि त्या लेखाच्या शीर्षकातच या विकाराला मूक व्याधी म्हटले होते. लपवण्याच्या पद्धतीही सगळीकडे सारख्याच. पाणी कमी प्यायचे, घराबाहेर पडण्याआधी दोनदा जाऊन यायचे, गडद रंगाचे कपडे निवडायचे, प्रवासात कडेची जागा धरायची, जुन्या साडीच्या घड्या वापरायच्या. ‘हल्ली मला लग्नाकार्यात गर्दी सोसत नाही’ असे एखादी म्हणते तेव्हा तिला सोसत नसते ते कार्यालयातले एकमेव, तेही जिन्याखालचे, रांग लागलेले स्वच्छतागृह.

दुसऱ्या प्रतिक्रियेला अधिक वेळ द्यायला हवा, कारण ती शहाणपणाचा आव आणते. वयोमानानुसार व्हायचेच, हे वाक्य डॉक्टर बोलतात, सुना-मुली बोलतात, आणि सर्वांत आधी ती बाई स्वतःशी बोलते. त्यामागचा तर्क असा: जे फार जणांना होते ते स्वाभाविक, आणि जे स्वाभाविक त्यावर उपाय नसतो. यातल्या दोन्ही उड्या चुकतात. मोतीबिंदू म्हातारपणी किती जणांना होतो? जवळजवळ सगळ्यांनाच कमी-अधिक. म्हणून आपण तो वयाचा भाग मानून अंधारात बसत नाही. महाराष्ट्रात गावोगाव शिबिरे भरतात, काळा चष्मा घातलेली माणसे बसने परत येतात आणि कुणी त्यात लाज मानत नाही. दात पडतात, कवळी बसते. गुडघे झिजतात, ते आता बदलूनही मिळतात. व्यापक असणे हे उपाय शोधण्याचे कारण ठरते, फक्त लघवी आणि शौचाच्या बाबतीत ते गप्प बसण्याचे कारण ठरते. हा भेद शरीराने केलेला नाही.

शरीर काय करते ते पाहू. स्त्रीचा मूत्रमार्ग जेमतेम चार सेंटिमीटरचा, पुरुषाचा साधारण वीस. खालून त्याला आधार ओटीपोटाच्या तळाशी झोळीसारख्या ताणलेल्या स्नायूंचा. खोकला, शिंक, हसू, हंडा उचलणे, कशानेही पोटातला दाब वाढला की झोळीने घट्ट होऊन मार्ग बंद ठेवायचा असतो. ती सैल पडली की थेंब निसटतात. हा एक प्रकार. दुसऱ्यात झोळीचा दोष नसतो, मूत्राशयाची भिंतच अवेळी आवळते. लागली म्हणता म्हणता सुटते, कडी काढेपर्यंत दम निघत नाही. पन्नाशीपर्यंत पहिला प्रकार जास्त, पुढे दुसरा आणि दोहोंचे मिश्रण वाढत जाते. वय वाढते तशी मूत्राशयात लघवी मावण्याची क्षमता घटते, दिवसाऐवजी रात्री अधिक लघवी तयार होते, पाळी गेल्यावर मूत्रमार्गाचे अस्तर पातळ होते, ‘आता नको, थांब’ असा मेंदूकडून येणारा निरोप अशक्त होतो. हे सगळे वयाचे खरे बदल आहेत. ते नाकारून उपयोग नाही. पण या बदलांनी ताबा सुटणे सोपे होते, अटळ होत नाही. ऐंशी वर्षांपुढच्या तिघींपैकी एकीची लघवी निसटते, याचा अर्थ त्याच वयाच्या दोघींची त्या प्रमाणात निसटत नाही. वय हेच कारण असते तर या दोघींचे काय करायचे?

मग लोक बाळंतपणाकडे बोट दाखवतात, आणि त्यात तथ्य आहे, पण जितके वाटते तितके नाही. नॉर्वेच्या त्याच पाहणीतून ६५ वर्षांखालील १५,३०७ स्त्रियांचे विश्लेषण २००३ मध्ये झाले. मूल न झालेल्यांत १०.१ टक्के, फक्त सिझेरियन झालेल्यांत १५.९ टक्के आणि फक्त नैसर्गिक बाळंतपणे झालेल्यांत २१ टक्के स्त्रियांची लघवी निसटत होती. कारण आणि परिणाम अगदी ओळीत उभे आहेत असे इथपर्यंत वाटते. पण अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर इथल्या संशोधकांनी २००२ मध्ये एका मठातील १४९ नन्सना विचारले. एकीचेही बाळंतपण झालेले नव्हते, आणि तरी निम्म्या जणी हो म्हणाल्या. हा योगायोग नव्हे हे तपासण्यासाठी त्यांनी पुढे बहिणींच्या १४३ जोड्या घेतल्या. दोघींची पाळी गेलेली, एकीला मुले झालेली, दुसरीला एकही नाही. २००५ मध्ये आलेले उत्तर असे: मुले झालेल्या बहिणींत ४९.७ टक्के, न झालेल्यांत ४७.६ टक्के. म्हणजे जवळपास काहीच फरक नाही, आणि एकीची निसटत असेल तर दुसरीचीही निसटण्याकडे स्पष्ट कल. तरुणपणी बाळंतपण जो फरक पाडते तो उतारवयात विरून जातो. घराण्याने आलेली ठेवण, वजन, मधुमेह, जुना खोकला, औषधे यांचे पारडे जड होते. याचा एक सामाजिक अर्थही आहे. ‘आम्ही पाच-पाच बाळंतपणे केली, हे भोग येणारच’ अशी स्वतःची समजूत घालणारी पिढी आणि ‘मला एकच मूल, तेही सिझेरियनने, मला कसे होईल?’ म्हणणारी पिढी, दोघींचा हिशेब चुकतो.

शौचाच्या बाबतीत हा हिशेब आणखी चुकतो. बाळंतपणात गुदद्वाराच्या आवळण्याच्या स्नायूला इजा होते हे १९९३ मध्ये लंडनमधील डॉक्टरांनी सोनोग्राफीने दाखवले. पहिलटकरणींपैकी ३५ टक्के जणींच्या स्नायूत वरून न दिसणारी फाट होती, आणि चिमटा लावून मोकळ्या झालेल्या दहांपैकी आठ जणींच्या. हा शोध महत्त्वाचा होता, त्यामुळे चिमट्याचा वापर जपून होऊ लागला. पण म्हातारपणच्या सगळ्या त्रासाचा दोष त्या फाटीवर टाकता येत नाही. अमेरिकी पाहणीत सर्व प्रौढांत शौच निसटण्याचे प्रमाण स्त्रियांत ८.९ टक्के होते आणि पुरुषांत ७.७ टक्के. बाळंतपण हेच मूळ असते तर पुरुष इतक्या जवळ आले नसते. त्या अभ्यासात सर्वांत ठळक दिसलेली गोष्ट होती पातळ शौच. घट्ट मल दुबळ्या स्नायूलाही रोखता येतो, पातळ मल सशक्त स्नायूलाही चकवतो. आणि पातळ होण्याची कारणे पुष्कळदा औषधांच्या डबीत असतात. मधुमेहासाठी लाखो घरांत घेतले जाणारे मेटफॉर्मिन अनेकांचे पोट ढिले करते. उलट टोकाला जुनाट बद्धकोष्ठ आहे: खडा अडून बसतो, त्याच्या कडेने पातळ मल झिरपतो, घरचे म्हणतात जुलाब झाले, आणि जुलाब थांबवणारी गोळी देऊन खडा अधिकच घट्ट करतात. वृद्धांच्या शुश्रूषेत ही गफलत इतकी नेहमीची आहे की जिथे अंथरुणाला खिळलेल्या माणसाला अचानक ‘जुलाब’ लागतात, तिथे पहिल्यांदा पोट साचले आहे का हेच पाहायला हवे.

इथे महाराष्ट्राच्या वाट्याचे एक पान आहे आणि ते चाळून पुढे जाणे बरे नव्हे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांची गर्भाशये मोठ्या संख्येने काढली गेल्याचे २०१९ मध्ये गाजले. शासनाने नेमलेल्या समितीच्या पाहणीत ऐंशी हजारांहून अधिक स्त्रियांपैकी तेरा हजारांहून अधिक जणींची ही शस्त्रक्रिया झालेली आढळली. चर्चा झाली ती पाळीमुळे बुडणाऱ्या मजुरीची, मुकादमाच्या दंडाची, खासगी दवाखान्यांच्या लोभाची, आणि ती व्हायलाच हवी होती. पण गर्भाशय काढल्याचा एक परिणाम पुढच्या काळात दिसतो. स्वीडनमध्ये कर्करोगाखेरीज इतर कारणांनी गर्भाशय काढलेल्या १,६५,००० हून अधिक स्त्रियांची तुलना न काढलेल्यांशी केली गेली. पुढे लघवी निसटण्यावर शस्त्रक्रिया करावी लागण्याची शक्यता काढलेल्यांत २.४ पट होती. तो अभ्यास २००७ मध्ये आला. तिशी-चाळिशीतच ही शस्त्रक्रिया झालेल्या, त्यानंतरही मोळ्या उचलत राहिलेल्या स्त्रिया साठीत पोचतील तेव्हा त्यांच्या त्रासाला कुणी ‘वयोमान’ म्हटले, तर ते सरळसरळ खोटे असेल.

ताबा सुटणे स्वाभाविक नाही याचा सर्वांत बळकट पुरावा मात्र कारणांच्या यादीत नाही, तो उपायांच्या परिणामात आहे. जे वयामुळेच होते ते वय कमी न होता बरे कसे होईल? आणि हे तर बरे होते. अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञ आर्नल्ड केगल यांनी १९४८ मध्ये ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळण्याचा व्यायाम मांडला. लघवी मध्येच रोखताना जे स्नायू आवळतात तेच पुन्हा पुन्हा आवळायचे आणि सैल सोडायचे, एवढीच ती गोष्ट. २०१८ मधील कॉक्रेन आढाव्यात, खोकल्या-शिंकेसरशी निसटणाऱ्या स्त्रियांपैकी व्यायाम करणाऱ्या ५६ टक्के जणींनी पूर्ण बरे वाटल्याचे सांगितले, न करणाऱ्यांत ६ टक्के जणींनी. हे तरुण बायकांचे झाले, म्हाताऱ्यांना कुठे जमणार, असा आक्षेप येतो. त्याचे उत्तर १९९८ मध्ये कॅथरिन बर्जिओ यांच्या प्रयोगाने दिले आहे. ५५ ते ९२ वयाच्या १९७ स्त्रिया, बहुतेकींना घाई होऊन निसटण्याचा त्रास. एका गटाला स्नायूंवर ताबा आणि घाईची कळ जिरवण्याचे शिक्षण, दुसऱ्याला ऑक्सिब्युटिनिन हे औषध, तिसऱ्याला नुसती साखरेची गोळी. आठ आठवड्यांत निसटण्याचे प्रसंग शिकवलेल्या गटात ८०.७ टक्क्यांनी घटले, औषधाच्या गटात ६८.५ टक्क्यांनी, आणि साखरेच्या गोळीनेसुद्धा ३९.४ टक्क्यांनी. शेवटचा आकडा गमतीचा वाटेल, पण त्या गटालाही रोजची नोंद ठेवायला लावली होती. कधी निसटते हे लिहू लागले की माणूस आपोआप सावध होतो. वजनाचेही तसेच. २००९ मध्ये ३३८ जाड स्त्रियांवर झालेल्या प्रयोगात ज्यांनी सरासरी आठ टक्के वजन घटवले त्यांचे आठवड्यातील प्रसंग ४७ टक्क्यांनी कमी झाले, नुसती माहिती दिलेल्यांचे २८ टक्क्यांनी. याशिवाय काही कारणे तर तात्पुरतीच असतात. लघवीतला जंतुसंसर्ग, साचलेला मल, रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी, झोपेची गोळी, दुखणाऱ्या गुडघ्यांमुळे उठायला लागणारा वेळ. नील रेसनिक या अमेरिकन वृद्धरोगतज्ज्ञांनी १९८० च्या दशकात अशा कारणांची एक लक्षात राहील अशी जंत्रीच करून ठेवली. रात्री घेतली जाणारी लघवीची गोळी दुपारी हलवल्यावर जो त्रास थांबतो, त्याला म्हातारपण कोणत्या तोंडाने म्हणायचे?

एक गंभीर आक्षेप उरतो. व्यापक त्रासाला आजार ठरवले की बाजार जागा होतो, आणि इथे तो जागा झालाच आहे. त्याची उदाहरणे चांगलीच बोलकी आहेत. पाळी गेल्यावर संप्रेरकाच्या गोळ्या घेतल्या तर लघवीचा ताबा सुधारतो, असे अनेक वर्षे मानले जात होते. २००५ मध्ये अमेरिकेच्या ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ या प्रचंड प्रयोगाने दाखवले की गोळीवाटे इस्ट्रोजन घेणाऱ्यांत तो त्रास उलट वाढतो. योनिमार्गात लावायचे मलम ही निराळी गोष्ट, तिचा काहींना उपयोग होतो. ऑक्सिब्युटिनिनसारखी औषधे दीर्घकाळ घेण्याचा आणि स्मृतिभ्रंशाचा संबंध अनेक अभ्यासांत दिसला, त्यामुळे वृद्धांना ती जपून दिली जातात. अंग बाहेर येण्यावर योनिमार्गातून बसवायच्या जाळीने इतक्या स्त्रियांना वेदना दिल्या की अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१९ मध्ये तिची विक्री थांबवायला लावली. ब्रिटनमध्ये त्याआधीच, २०१८ मध्ये, तिचा वापर रोखला गेला होता आणि तिथे लघवी निसटण्यावर बसवल्या जाणाऱ्या पट्टीलाही त्या बंदीत ओढले गेले. तेव्हा, ‘नाही तिथे आजार काढू नका’ म्हणणाऱ्यांच्या हाती पुरावा आहे. पण तो पुरावा नेमका कशाविरुद्ध आहे? घाईने दिलेल्या गोळीविरुद्ध आणि अपुऱ्या तपासून विकलेल्या जाळीविरुद्ध. व्यायाम, वजन, पोट साफ राखणे, औषधांच्या वेळा तपासणे यांच्याविरुद्ध तो एक अक्षर बोलत नाही, आणि पहिले उपाय तर हेच आहेत. त्यांना विकणारा कुणी नाही, म्हणून त्यांची जाहिरात होत नाही. ‘हे म्हातारपण आहे, पॅड वापरा’ हा सल्ला मात्र दुकानाच्या सोयीचा आहे: स्वाभाविक मानलेल्या गोष्टीवर आयुष्यभर गिऱ्हाईक टिकते. व्यापक म्हणजे स्वाभाविक, या समजुतीवर बाजार आणि उदासीनता दोघेही पोसले जातात.

आणखी एक आक्षेप आपल्याकडचा. हे पाश्चात्त्यांचे चोचले, आमच्या बायका उकिडव्या बसतात, कष्ट करतात, त्यांना असले काही होत नाही. लखनौच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात ३,००० स्त्रियांना विचारून २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात २१.८ टक्के स्त्रियांची लघवी निसटत होती. या सगळ्या रुग्णालयात आलेल्या स्त्रिया, म्हणून हा आकडा सरसकट देशाला लावता येणार नाही. पण उकिडवे बसण्याने कवच मिळते, ही समजूत त्यापुढे टिकत नाही. उलट, गुडघे गेलेल्या बाईला खाली बसायचा संडास म्हणजे वेळेवर न पोचण्याचे आणखी एक कारण. इतर मोठे प्रश्न असताना हा का काढायचा, असेही म्हणतात. २००० मध्ये अमेरिकेत सहा हजारांहून अधिक वयस्क स्त्रियांच्या अभ्यासात, आठवड्यातून एकदा तरी घाईने निसटणाऱ्या स्त्रियांत पडण्याचा धोका २६ टक्क्यांनी आणि हाड मोडण्याचा ३४ टक्क्यांनी जास्त आढळला. रात्री अंधारात धावत निघालेली बाई ओल्या फरशीवर घसरते, खुब्याचे हाड मोडते, आणि घर त्या खर्चात बुडते. त्या मोठ्या प्रश्नाची सुरुवात या लहान प्रश्नात होती. २०११ च्या जनगणनेत साठीपुढच्या भारतीय स्त्रिया सुमारे ५ कोटी ३० लाख होत्या, आणि हा गट तेव्हापासून वाढतोच आहे. मुंबईत स्त्रियांसाठी सार्वजनिक मुताऱ्यांची मागणी करणारी ‘राइट टू पी’ चळवळ त्याच वर्षी उभी राहिली. तिचा रोख मुख्यतः काम करणाऱ्या स्त्रियांकडे होता, पण स्वच्छतागृहाचे अंतर ज्यांच्या दृष्टीने मिनिटांत नव्हे तर सेकंदांत मोजायचे असते, त्या म्हाताऱ्या बायकांची गरज त्याहून निकडीची.

सुरुवातीच्या दोन प्रश्नांकडे परत यायला हवे, कारण मराठीत ते कसे विचारायचे यावर आपल्याकडचा आकडा ठरणार आहे. ‘लघवीचा काही त्रास आहे का?’ असे विचारले की बाईच्या मनात येते आग, जळजळ, अडकणे, लाल होणे. निसटणे तिच्या लेखी त्रासात मोडतच नाही, ते अंगवळणी पडलेले असते. ती नाही म्हणते आणि कागदावर शून्य पडते. ‘खोकला आला, शिंक आली की कपडे ओले होतात का? लागली की थांबता येते का? त्यासाठी घडी किंवा पॅड लावावे लागते का?’ असे विचारले की उत्तर बदलते. शौचाबद्दल विचारताना ‘परसाकडला जायला उशीर झाला तर कपड्याला लागते का?’ इतके उघड बोलावे लागते, आणि ते सुनेसमोर किंवा नवऱ्यासमोर बोलून चालत नाही. प्रश्न घेऊन दारात उभ्या राहणाऱ्या आशा कार्यकर्तीला त्यासाठी आधी स्वतःची जीभ सैल करावी लागते, आणि म्हातारीला आतल्या खोलीत, दोघींपुरते, पाच मिनिटे बसवावे लागते.